सहा दशांश सेकंदात भरलेली टाकी

"तिचंच उतरव गं, ती इंग्लिश मीडियमची आहे," माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं आणि माझी वही माझ्या हातातून सरकली.

फुलपाड्यात सरांच्या फ्लॅटमध्ये दहावीच्या क्लासला आम्ही नऊ मुली सतरंजीवर बसायचो. मी कुणाशी बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी मला हुशार ठरवलं होतं. खरं तर मला मराठीत अडखळायची भीती वाटायची. पण तो गैरसमज मी आनंदाने चालू दिला होता.

गणित असं होतं: दोन किलोवॅटचा पंप सहा हजार लिटर पाणी वीस मीटर उंचीवरच्या टाकीत किती वेळात चढवेल? मी सूत्र सुबक मांडून उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. वह्या सरांकडे गेल्यावर उत्तराचा अर्थ डोक्यात शिरला: शून्य पूर्णांक सहा सेकंद. आमच्या बिल्डिंगची टाकी भरायला तासभर लागायचा, आणि पंप बंद करायला रोज मीच खाली जायचे. लिटरभर पाणी म्हणजेच एक किलो, तरी मी सवयीने हजाराने भागलं होतं.

"काय गं, तुमच्या गच्चीवर टाकी आहे की चमचा?" सर पहिल्याच मुलीवर कडाडले. पुढच्या वह्या पाहून म्हणाले, "उतरवणाऱ्यांनो, उद्यापासून येऊ नका."

कुणीही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी उभी राहिले.

"सर, त्यांना काढू नका. चूक माझी आहे, त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला."