सनदेच्या मागच्या बाजूला

आक्का गेल्याची बातमी तारनाक्याला आमच्या घरी पोचली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. भाचा दारातच उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. पुढचे तेरा दिवस जो भेटायला येई तो एकच शब्द बोले... बिचारी. लग्न नाही, मूलबाळ नाही, आयुष्यभर पोरींना पानं-फुलं काढायला शिकवलं, बिचारी. दिवस व्हायचे होते म्हणून मी ऐकून घेतलं. आता महिना उलटला आहे आणि मला बोलायचं आहे. माझी बहीण कुठल्याच अंगाने बिचारी नव्हती.

नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि शाळा सुटली की रस्त्याकडेला बसून स्वतःची चित्रं काढायची. बाईमाणूस रंगपेटी घेऊन बसलं की बघे जमणार, म्हणून तिने आजीचं पानदान घेतलं. चुन्याच्या, काताच्या, सुपारीच्या वाट्यांत रंगाच्या वड्या बसवल्या, ब्रशांच्या दांड्या अर्ध्या कापल्या, पाण्याला खोकल्याच्या औषधाची बाटली. पानदान घेऊन बसलेल्या बाईकडे हैदराबादेत कोण वळून बघतो? एकदा एका म्हाताऱ्या बेगमसाहेबांनी मात्र पान मागितलं. दुसऱ्या दिवशी आक्का खरंच विडा करून घेऊन गेली.

कागदाच्या बाबतीत ती भलतीच चोखंदळ. आबिड्सच्या दुकानात कागदाचा कोपरा चक्क जिभेला लावून बघायची, दुकानदार तोंड फिरवायचा. ओल लगेच मुरली तर कागदाची खळ गेलेली, तो रंग पिऊन टाकणार. ओल वर थांबली तर घ्यायचा. मग देश स्वतंत्र झाला, आमचं संस्थान बाहेर राहिलं, सरहद्दीवर माल अडला आणि दुकानातला विलायती कागद संपला. आमचे वडील, नाना, कोर्टात पेशकार होते, जजसाहेबांपुढे कागदपत्रं मांडायचे. त्यांनी जुन्या मसुद्यांचा कापडात बांधलेला एक बस्ता तिच्यापुढे टाकला, मागची बाजू कोरी आहे म्हणाले. सगळं फार्सीत, आम्हा बहिणींना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. आक्काने एकेक कागद जिभेवर पारखला आणि त्यातला सगळ्यात जाड हातकागद बाजूला ठेवला.

तो बाहेर निघाला पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात. गल्लीतलं एकूण एक दार बंद होतं. नाना आत ये म्हणून फटीतून ओरडत होते आणि ही पायरीवर बसून ती बंद दारं रंगवत होती... हिंदूंची, मुसलमानांची, सगळी सारखीच बंद. नाना फारच चिडले तेव्हा म्हणाली, "उद्या शाळेतल्या मुली विचारतील, 'बाई, तेव्हा आपली गल्ली कशी होती?' मी आत होते म्हणून सांगू?" मी मात्र आतच होते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

संस्थान सामील झालं आणि दोन-तीन वर्षांत इनामांची चौकशी निघाली. मूळ सनद हजर करा, असं बोलावणं आलं. नानांनी सगळ्या ट्रंका उपसल्या. सनद सापडली आक्काच्या चित्रांत, बंद दारांच्या मागे. त्यांच्याच हाताने ती मसुद्यांच्या बस्त्यात गेली होती, आणि आमची गावाकडची इनाम जमीन त्या एका कागदावर उभी होती. नानांनी रंगावरून नख फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "वच्छे, हे पाण्याने निघतं का?"

दुसरं कोणी असतं तर चित्र वाचवायला नाही म्हणालं असतं. "निघेल नाना. कागद चांगला आहे, रंग वरच बसलाय," आक्का म्हणाली. "पण मी पुसणार नाही. तुम्हाला पुसायचं तर पुसा." आणि कापसाचा ओला बोळा तिने त्यांच्या हातात ठेवला.

नानांनी चष्मा लावून ती गल्ली दारादाराने पाहिली. कुणाचं कुठलं दार ते बोटाने मोजल्यासारखं करत होते. बोळा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी त्यांच्याबरोबर होते. कारकुनाने सनद उलटी केली आणि हसला. "पेशकार साब, पीछू ये क्या है?"

नाना खुर्चीवरून उठले. "हमारी बच्ची का काम है. सामने का आपके काम का, पीछे का हमारे काम का. दोनों असली हैं."

जमिनीचं पुढे जे व्हायचं ते झालं. सनद काही परत आली नाही, आणि आक्काचं सगळ्यात चांगलं चित्र फायलीत दोऱ्याने बांधलेलं राहिलं. तिला त्याचं वाईट वाटायचं, पण पश्चात्ताप कधी झाला नाही.

गेल्या पंधरवड्यात मी त्या कचेरीत अर्ज केला. फाईल पाहण्याचं कारण, या रकान्यात लिहिलं: बहिणीचं चित्र पाहायचं आहे. हे कारण चालत नाही, असा शेरा मारून अर्ज परत आला. पुन्हा केला, पुन्हा आला. तिथले साहेब भले आहेत, हळूच म्हणाले, "अम्मा, इनाम का कुछ लिख देव ना, आज-इच दिखा देतूं." एका ओळीचा तर प्रश्न होता... त्या ओळीसरशी मी आत जाऊन ते चित्र हातात घेतलं असतं. पण चित्राला चित्र म्हणायची लाज वाटून मी त्याच्यापुढे कशी उभी राहू? सोमवारी तिसरा अर्ज देणार आहे. कारण तेच लिहिलंय, फक्त या वेळी अक्षर मोठं काढलं आहे.