मोकळी भिंत

जीवरामनानांचं अर्धं आयुष्य लोकांच्या भिंती मागण्यात गेलं. जळगावच्या एका जाहिरात एजन्सीसाठी ते गावोगाव फिरत आणि रस्त्याकडच्या भिंती रंगवायला मिळवत. पूर्वी भिंत तेच हेरत. शहाण्णव साली एजन्सीत कॉम्प्युटर आला. कुठल्या रस्त्याला वर्दळ जास्त, कुठली भिंत मोकळी, हे आता मालकांचा मुलगा त्यात बघून सांगे. नानांनी फक्त एसटीत बसायचं. गुडघे मात्र त्यांचेच दुखत.

त्या उन्हाळ्यात साक्रीकडच्या एका गावातली भिंत निघाली. पाइपांची जाहिरात करायची होती. घरातला थोरला मुलगा झुलाल लगेच हो म्हणाला. सत्तार पेंटरने चुना कालवला आणि भिंतीवर ब्रश फिरवायला घेतला. नाना ओट्यावर टेकले, तिथेच त्यांचा डोळा लागला.

हाकेने ते दचकून उठले. झुलालची आई भिकुबाई शेतातून आली होती. डोक्यावरचा भारा तिने तसाच खाली टाकला.

"मनी पोरनं नाव शे तठे, भाऊ!"

नानांनी वळून पाहिलं. चुन्याखाली लग्नातली अक्षरं अजून पुसट दिसत होती: चि. सौ. कां. शेवंता. पोर पहिल्या बाळंतपणात गेली होती. झुलाल मान खाली घालून म्हणाला, "किती दिवस ठेवायचं ते, नाना?"

नानांनी खांद्यावरचा पंचा पाण्याच्या बादलीत बुडवला आणि ते ओला चुना पुसायला लागले. सत्तारनेही ब्रश ठेवून फडकं घेतलं. अक्षरं तेलरंगातली होती, म्हणून वाचली. कडेची वेलबुट्टी तेवढी गेली. भिकुबाईने दोघांना पाणी दिलं.

शेजारच्या पुनाभाऊंनी त्यांची भिंत दिली, जाहिरात तिच्यावर रंगवली, पण ती रस्त्याकडे नाही, गल्लीकडे तोंड करून होती.

जळगावला मालकांचा मुलगा वैतागला. "नाना, कॉम्प्युटर ती भिंत मोकळी दाखवतोय."

"मोकळी नाही ती."

"मग काय आहे तिच्यावर?"

नानांना सांगायचं होतं. पण प्रवासाने अंग आंबलं होतं, आणि सुरुवात कुठून करावी ते सुचेना. "नाव आहे," एवढंच ते म्हणाले.

पाइपांच्या कंपनीने तक्रार केली. त्यानंतर नानांच्या वाट्याला लांबची, आडरस्त्याची गावं यायला लागली. तीही त्यांनी केली, गुडघे साथ देत होते तोवर.