न बोलण्याचे आठवडे

आमच्या भागात फ्रेंच शिकवायचं खूळ कोणाच्या डोक्यात आलं, असं त्या उन्हाळ्यात मला जो भेटेल तो विचारायचा. चिखलीतल्या एका इंग्रजी शाळेचे अध्यक्ष औरंगाबादला कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगला गेले होते. तिथे पोरांनी फ्रेंच गाणं म्हटलं आणि अध्यक्षांच्या ते मनात भरलं. परत आल्या आल्या त्यांनी शोध सुरू केला, आणि अख्ख्या पंचक्रोशीत फ्रेंच येणारी मी एकटीच निघाले. जूनअखेरीपासून सहावीच्या वर्गाला फ्रेंच शिकवायचं ठरलं. "आता कापूस काय डायरेक्ट फ्रान्सले इकता का?" असं बसस्टँडवरचा चहावाला मला म्हणाला, आणि तिथे बसलेले सगळे हसले. मला राग आला. मला राग पटकन येतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत कोणी हसलं तरी बरं वाटायचं, कारण आमच्या घरात कोणी हसत नव्हतं.

आमचं घर अमडापूरला. पुढे बाबांचं कृषी केंद्र, मागे आम्ही राहायचो. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं, सगळं त्या पुढच्या खोलीत. आमच्याकडे औषध म्हणत नाहीत, दवाई म्हणतात, मग ती माणसाची असो की अळीची. मी लहानाची मोठी त्या वासात झाले. पुण्यात शिकायला गेले तेव्हा मुली माझ्या 'मले-तुले'ला हसायच्या, म्हणून मी शुद्ध बोलायला शिकले. मग वाटलं, शिकायचीच आहे तर अशी भाषा शिकावी जी ह्यांनाही धड येत नाही. फ्रेंचमागची माझी प्रेरणा एवढीच होती.

पेरणीआधी बाबांच्या दुकानासमोर माणसांची रीघ लागायची. "काका, औंदा कोनती थैली घेऊ?" बाबा विचारायचे, जमीन कशी, पाणी किती, मागल्या साली काय होतं, आणि मग कपाशीच्या बीटी बियाण्याची एक थैली पुढे सरकवायचे. लोक त्यांच्या शब्दावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावायचे. ह्याचा बाबांना अभिमान होता, आणि का नसावा?

मग गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीला अळी लागत नाही असं ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं, त्यांनी बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. लोक फवारत राहिले, एक दवाई झाली की दुसरी. बाबांचे एक बालमित्र होते, मी त्यांना काका म्हणायची. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय ते गावी परतत नसत. त्यांचं सगळं रान बाबांच्या शब्दावर लावलेलं होतं. त्या हिवाळ्यात एका दुपारी शेतातच त्यांनी फवारणीची दवाई घेतली. बाटली आमच्या दुकानातली होती. बाबाच त्यांना जीपमध्ये घालून बुलढाण्याला घेऊन गेले. परत आले ते एकटे. त्या दिवसापासून बाबांनी बोलणं बंद केलं.

सुरुवातीला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. पण संक्रांत गेली, शिमगा गेला, बाबा बोलले नाहीत. दुकान बंद ठेवलं होतं, पण आतला माल आतच होता. घराच्या आणि त्या मालाच्या मधे एक दार, बस्स. तेव्हा आई घाबरली. आमच्या भागात त्या वर्षांत अशा घरांमध्ये एक रीत पडली होती. कोणी शिकवली नव्हती, पण सगळ्या बायकांना ठाऊक होती. माणसाला एकटं सोडायचं नाही. उघड काही बोलायचं नाही, नुसतं कोणीतरी तिथं असायचं. निवडायला धान्य घेऊन बसायचं, शिवण घेऊन बसायचं, वाती वळायच्या. आम्ही त्याला पाळी म्हणायचो. आई, मी आणि शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या चाची, आमच्या तिघींच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. चाची तर मशीनच आमच्या ओसरीत आणून बसायच्या आणि बाबांना सांगायच्या, "भाईसाब, हमारे यहाँ लाइट नहीं है."

मी नोकरी लागेपर्यंत घरीच होते, म्हणून जास्तीत जास्त पाळी माझी. बाबा खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत, मी समोर जमिनीवर पुस्तकं पसरून. सहावीच्या फ्रेंचचे पहिले आठवडे मी असे बसून आखले.

पाठ्यपुस्तक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पहिल्याच धड्यात एक बाई कॅफेत बसून कॉफी मागवते. दुसऱ्या धड्यात मेट्रोचं तिकीट. आमच्या पोरांनी बुलढाण्याचा घाट एसटीतून उतरताना ओकाऱ्या काढल्या होत्या, त्यांना मेट्रो काय सांगणार? मी ते धडे बाजूला ठेवले. ठरवलं की पहिल्या आठवड्यात नमस्कार आणि नावं, दुसऱ्यात आकडे, तिसऱ्यात रंग आणि भाज्या, चौथ्यात घरातली माणसं. भाज्या आपल्या आठवडी बाजारातल्या घ्यायच्या. पुण्यातल्या आमच्या मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती मी सगळ्यात वर लिहिली. पहिले काही आठवडे पोरांना बोलायला लावायचं नाही. आपण बोलायचं, दाखवायचं, हातवारे करायचे, आणि थांबायचं. पोर ऐकत असतं. ज्या दिवशी बोलावंसं वाटेल त्या दिवशी ते आपलं आपण बोलेल.

हे लिहिलं आणि समोर पाहिलं. माझा पहिला विद्यार्थी समोरच बसलेला होता.

मी उठले, पदर खोचला, दाराबाहेर गेले आणि वर्गात येणाऱ्या बाईंसारखी आत आले. "बाँझूर!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मी थांबले. मॅडमनी सांगितलं होतं तशी हसऱ्या चेहऱ्याने थांबले. रस्त्यावरून म्हशी गेल्या. बाबा म्हशींकडे बघत राहिले. मग मी माझं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, हात पुढे करून त्यांना खूण केली. काही नाही. रोज मी धडा आखायची आणि रोज त्यांच्यावर करून बघायची. नाचायची, तोंडं वेडीवाकडी करायची. आई स्वयंपाकघरातून बघायची आणि पदर डोळ्याला लावायची. एकदा माझा तोल सुटला. "बाबा, एक शब्द बोलला तर तुमचं काय जाईल?" असं मी मराठीत ओरडले. लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. आम्ही त्यांच्याशी असं बोलत नव्हतो. खरं तर आम्ही त्यांच्याशी काहीच बोलत नव्हतो. चहा घेणार का, असंसुद्धा कोणी विचारत नव्हतं. चहा समोर ठेवला जायचा. त्यांना त्रास नको म्हणून घरातलं सगळं त्यांना न विचारता चालायचं.

मग आकड्यांचा आठवडा आखायची वेळ आली. मला मोजायला काहीतरी हवं होतं, जे प्रत्येक पोराच्या मुठीत देता येईल. जिन्याखाली एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात सरकीच्या लहान लहान पुड्या भरलेल्या होत्या. मला आठवत होतं तसं दरवर्षी त्या साचायच्या. बीटीच्या प्रत्येक थैलीसोबत अशी एक लहान पुडी यायची. तिच्यात साधी सरकी असायची, बीटी नसलेली. ती शेताच्या कडेकडेने लावायची, म्हणजे अळ्यांना खायला साधी झाडं मिळतात आणि सगळ्याच अळ्या बीटीला सरावत नाहीत. असं कंपनीचं सांगणं. पण आमच्याकडे ते कोणाला पटलं नाही. अळीला पोसायला कोण आपली जमीन देतो? लोक थैली घ्यायचे आणि पुडी काउंटरवर टाकून जायचे.

मला तर मोजायला फुकटची सरकी मिळाली. मी डबा ओढत आणला, पुड्या फोडल्या आणि सुपात ओतल्या. निळसर रंगाची ती सरकी दिसायला छान होती. मी बोटांनी मोजू लागले, "अँ, द्य, त्रवा..."

"हात धू."

मला आधी कळलंच नाही की आवाज कोणाचा. इतके महिने न वापरलेला आवाज, घोगरा.

"हात धू पह्यले. दवाई लावेल हाय त्या बियाले. पोट्ट्याइच्या हाती देऊ नको."

आई धावत आली आणि दारातच थांबली. मी हात धुतले, साबण लावून दोनदा धुतले, आणि आले तेव्हा बाबा सुपाकडे टक लावून बसले होते. मग ते बोलायला लागले, आणि मला वाटलं ते थांबले तर बरं.

"पह्यल्या साली मी सगळ्याइले सांगे," ते म्हणाले. "बापा, हे पुडी कडीनं लाव. लोकं हासत. काका, अळीची शेती करता का म्हणत. दुसऱ्या साली बी सांगतलं. मंग म्या सांगनं सोडलं. मीच थैलीतून पुडी काढून ह्या डब्यात टाकू लागलो. घेनाऱ्याले कायले खटखट, म्हून."

मग त्या गेलेल्या काकांचं नाव घेऊन म्हणाले, "त्याच्या थैलीतली पुडी बी म्याच काढली. तो इचारे, हे काय काढून राह्यला? म्या म्हनलं, काई नाई, तू चहा घे."

आणि बाबा रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, बुलढाण्याहून आले तेव्हाही नाही. मी त्यांना सांगितलं की एका शेतात पुडी लावून काही झालं नसतं, अख्ख्या तालुक्यात, अख्ख्या वऱ्हाडात कोणीच लावली नाही, अळी काही शेताचा धुरा-बांध बघून थांबत नाही. हे सगळं खरं होतं. पण त्याचा काहीही उपयोग नव्हता. ज्याच्या शब्दावर माणसं शेती लावतात त्याला असं सांगून काय समजावणार? मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. आईने चहा केला, आणि पहिल्यांदाच विचारलं, "घेता का?" बाबांनी मान डोलावली.

जरा वेळाने ते मला म्हणाले, "मोजाले हरबरे घे."

"पोरं खाऊन टाकतील."

"खाऊ दे."

त्यानंतर सगळं नीट झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही झालं. बाबा दिवसातून दोन-चार शब्द बोलायचे, मग पुन्हा चूप. दुकान त्यांनी पुन्हा कधीच उघडलं नाही. माल कंपन्यांच्या माणसांनी नेला, तेव्हा ते मागच्या दारी जाऊन उभे राहिले. जून लागला तशी जुनी गिऱ्हाइकं सवयीने यायची, कुलूप बघायची आणि हळू आवाजात बोलत पुढे जायची. बाबा खिडकीतून ते बघायचे. मी पाचव्या आठवड्याचं काम काढून बसायची, पण कागदावर काही उतरत नसे. शाळा सुरू होणार होती आणि माझी पाळी कोण घेणार हे ठरत नव्हतं. चाचींच्या लेकीचं बाळंतपण होतं, त्या लोणारला गेल्या होत्या. राहिली एकटी आई. ती सकाळी उठायची तेव्हाच थकलेली असायची. तिने दिवसा पाठ टेकलेली मी त्या वर्षात पाहिली नव्हती. मी म्हटलं, अध्यक्षांना सांगते, यंदा जमणार नाही. आई म्हणाली, "गप बस. एकदा हातची गेली का मंग कोन देते नौकरी?"

शाळेच्या पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसले, पिशवीत हरभरे घेतले. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. मी बाबांना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "आज पाळी कोनाची हाय?"

इतके महिने आम्ही वाती वळत होतो, धान्य निवडत होतो, लाइट नसल्याची कारणं सांगत होतो.

"आईची," मी म्हणाले.

"तिले सांग, दुपारी जराक पडत जा म्हना. मी नाई जात कुठी."

मी आईला सांगितलं. तिने ऐकलं आणि हातातला कपडा पुन्हा पिळला. मी गाडी पकडली. वर्गात मी बाँझूर म्हटलं, थांबले, पोरं खुदखुदली, एकाने हरभरे खाल्ले. सगळा तास माझं लक्ष घरी होतं.

शाळा सुटल्यावर बसस्टँडपासून मी जवळजवळ पळत आले. ओसरीत चटईवर आई झोपली होती, तोंड थोडं उघडं, गाढ. बाबांनी आपली लाकडी खुर्ची खिडकीपासून उचलून तिच्या उशाशी आणली होती आणि वर्तमानपत्राने तिच्यावरच्या माशा वारत बसले होते. माझी चाहूल लागली तसं त्यांनी वर पाहिलं.

"हळू ये," ते म्हणाले. "आत्ताच डोया लागला तिचा."