मापाण्णाने बंद केलेला काटा

मापाण्णाला कुठलाही आकडा सांगा, तो आधी विचारायचा, "कुणाच्या मापानं?" सुप्याचं धरण निम्मं भरलं म्हणा, कुणाच्या मापानं? सोयरिकीत मुलाचं वय सांगा, कुणाच्या मापानं? एकदा मुलाचा चुलता त्यावरून पानसुपारी न घेता उठून गेला. खरं नाव काही वेगळंच होतं, पण कुंभारवाड्यापासून रामनगरपर्यंत सगळे त्याला मापाण्णाच म्हणत. मीही म्हणायचो. तोंडावर.

कुंभारवाड्यात जन्मला, बंगळूरला नोकरीत म्हातारा झाला आणि निवृत्त होऊन परत वडिलांच्या घरात येऊन बसला. बायको आधीच गेलेली. बंगळूरला इतकी वर्षं काय करत होता, हे मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "कॉम्प्युटरच्या गाभ्यात कर्नेल असतं, सावकार. कुठल्याही प्रोग्रामला काही हवं असलं की कर्नेलकडं गाऱ्हाणं घालावं लागतं. जुने प्रोग्राम बत्तीस घरांचे आकडे बोलतात, नवं कर्नेल चौसष्ट घरांचे. मी जुन्यांचं गाऱ्हाणं नव्याला कळेल असं करून द्यायचो."

"एवढ्यासाठी पगार देत होते तुम्हाला?"

"व्हय," तो म्हणाला. चेहऱ्यावर लाज नाही.

मी सातवी नापास. रामनगरला भाताची गिरणी मी स्वतःच्या हिमतीवर उभी केली आणि घासाघीस केल्याशिवाय आयुष्यात खिळासुद्धा विकत घेतला नाही. असल्या माणसाशी माझा संबंध यायचं कारण नव्हतं. पण ऐन सुगीच्या तोंडावर ट्रॅक्टर तोलायच्या काट्याचा जुना कॉम्प्युटर मेला. वजनाचा प्रोग्राम करणारा दुकान गुंडाळून कधीच गेलेला. नवा कॉम्प्युटर आणला, तर त्या प्रोग्रामाचं त्याच्याशी जुळेना. बेळगावचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, सगळंच नवं घ्या. मी म्हणालो, तुझ्या घरचं लग्न आहे काय? आणि जीप काढून कुंभारवाड्याला गेलो.

मापाण्णाने ऐकून घेतलं आणि कबूल केलं. मी विचारलं, घेणार काय? म्हणाला, "माझं भात वेगळं कांडून द्या, दुसऱ्याच्यात मिसळू नका. साकू, तेवढं पुरे." बस्स, एवढंच. आता यात मी पाडून काय मागणार? सौदा करायची संधीच न देणारा माणूस मला कधी भला वाटलेला नाही.

मग तो गिरणीत येऊन बसू लागला. काम किती, तर जुना प्रोग्राम काट्याविषयी कर्नेलला जे जे सांगतो, ते नव्या मापात बसवून द्यायचं. मला वाटलं, बत्तीस घरांच्या डावीकडे बत्तीस शून्यं लावली की संपलं. तसं म्हणालोही. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चुलीत थुंकलो होतो. प्रत्येक आकडा आला की हा थांबायचा. हा नुसता आकडा आहे, की कॉम्प्युटरातल्या जागेचा पत्ता आहे? हा शून्याच्या खाली जाऊ शकतो काय? जात असेल तर डावीकडे शून्यं लावून चालत नाही, वजाचं चिन्ह वरपर्यंत न्यावं लागतं. बाहेर भाताचे ट्रॅक्टर येऊ लागले आणि आत हा माणूस एकेका आकड्याची कुळकथा विचारत बसलेला. मी ओरडायचो, "अण्णा, सुगी थांबत न्हाई!" तो म्हणायचा, "मग तिला पुढं जाऊ दे."

शेवटी काटा एकदाचा चालू झाला. आत पावती छापून निघायची आणि बाहेर अंगणात मोठ्या दिव्यांच्या पाटीवर तेच वजन दिसायचं. ती पाटी मी मुद्दाम बसवली होती. दिग्गीकडचे जंगलातले शेतकरी व्यापाऱ्याच्या पावतीवर भरवसा ठेवत नाहीत. दिसेल तेवढंच मानतात. पाटीमुळे ते माझ्याकडे येऊ लागले होते.

आणि घात झाला तो चिखलाने. अवकाळी पाऊस पडून गेला होता. ट्रॅक्टरच्या चाकांचा लाल चिखल काट्यावर साचायचा. तो धुवायच्या ऐवजी आमचा काटेवाला सातेरी शून्याचं बटण दाबायचा. चिखलासकट शून्य! रामनगरात सगळेच काटेवाले हे करतात. त्या दिवशी चिखल वाळला, सातेरीने खराट्याने झाडून टाकला, काटा शून्याच्या खाली गेला, म्हणून पुन्हा बटण दाबलं. प्रोग्रामाने कर्नेलला कळवलं, की वजा चाळीसला शून्य धर. इतक्या आकड्यांच्या कुळकथा विचारणाऱ्या मापाण्णाने नेमका हाच आकडा शून्याच्या खाली जाणार नाही असं धरून डावीकडे नुसती शून्यं लावली होती. काट्यावर चिखल ठेवून कुणी शून्य करत असेल, हे त्याच्या बंगळूरच्या डोक्यात आलंच नाही.

पुढचा ट्रॅक्टर दिग्गीचा होता. तो चढला आणि पाटीवर आकडे मावेनात. ओळीने सरकत चारशे कोटींच्या वर किलो! शेतकरी हसायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "सावकार, तुमी जगाचं भात घेतलासा की वो!" मी आत धावलो. पावती बघितली. पावती बरोबर होती! पाटीला आकडा थेट कर्नेलकडून जायचा, पावतीचा मात्र जुन्या प्रोग्रामाकडे परत येताना वरची घरं कापली जाऊन बरोबर निघाला होता. मी पावती हातात घेऊन बाहेर आलो. पाटीची तार सुटली म्हणून सांगितलं असतं, माणसांनी ऐकलं असतं.

तेवढ्यात मापाण्णा ट्रॅक्टरपुढे काट्यावर जाऊन उभा राहिला, हात वर केले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काटा बंद! चूक माझी हाय. कुणी तोलू नका."

"अण्णा, पावती बरोबर हाय!"

"चुकून बरोबर आलीया, सावकार. चुकून आलेलं बरोबर मी देत न्हाई."

माझ्या अंगणात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर! आत येऊन कानात सांगितलं असतं तर? संध्याकाळपर्यंत त्याने चूक दुरुस्तही केली. पण तोवर अंगण रिकामं झालं होतं. ट्रॅक्टर ओळीने खानापूरकडच्या गिरणीला गेले. दिग्गीचे अजून परतलेले नाहीत. त्या संध्याकाळी मी त्याला काय काय बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकलं आणि सातेरीला म्हणाला, "उद्यापासून पाण्यानं धू रे."

पुढे त्याचे गुडघे गेले. धारवाडची बहीण न्यायला तयार होती, पण कुंभारवाड्याहून बस धरणं त्याच्याने होईना. मीच जीप घेऊन गेलो. कुणीतरी जायलाच हवं होतं. ट्रंक मागे टाकली. रामनगरच्या स्टँडवर त्याला बसमध्ये चढवताना राहवलं नाही. म्हणालो, "पावती बरोबर होती, अण्णा."

"व्हती," तो म्हणाला. "आणि उद्या तसंच झालं, तर उद्याबी काटा बंदच करीन."

"दुसऱ्याच्या धंद्यावर पाय देऊन?"

"तुमचा धंदाच काट्याचा हाय, सावकार. पाय दुसरीकडं कुठं देऊ?"

कंडक्टरने घंटी मारली, म्हणून माझं उत्तर राहिलं. ते मी धारवाडला जाऊन देणार होतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा ते कायमचं राहिलं.

आता मी ही गोष्ट ज्याला त्याला सांगतो. पावती बरोबर असताना त्या माणसाने माझं अंगण रिकामं केलं, हे ऐकून सगळे लगेच म्हणतात, "व्हय सावकार, चुकलंच त्याचं." बँकेचा मॅनेजर म्हणतो, माझी बायको म्हणते, सातेरीसुद्धा म्हणतो. अर्ध्या मिनिटात संपतं. मग मी त्यांच्यावरच ओरडतो, "तुम्हाला काय कळतं त्यातलं?"