दौलतमिस्त्रींचं तांबं

दौलतमिस्त्री तांब्याची चकती इंजिनात बसवण्याआधी दगडावर टाकून बघायचे. बघायचे म्हणण्यापेक्षा ऐकायचे. विहिरीजवळ धुण्याचा एक काळा दगड होता, त्यावर हातभर उंचीवरून चकती सोडायची, डोळे मिटायचे आणि मान किंचित डावीकडे कलती करायची. टण्ण असा आवाज आला तर चकती परत भट्टीत. बद्द असा मेलेला आवाज आला की डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "बेस." मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा आपण मिस्त्रीकडे आलो आहोत की भगताकडे, असा मला प्रश्न पडला होता.

ही चकती म्हणजे गॅस्केट. मोटारसायकलच्या इंजिनाचं सिलिंडर आणि त्याच्यावर बसणारं डोकं यांच्या मधे ती असते. आतला जाळ बाहेर येऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. तिला लागतं नरम तांबं, कारण डोकं आवळलं की तांब्यानं दबून बारीकसारीक खाचा भरून काढायच्या असतात. कडक तांबं दबत नाही. मग फट राहते, फटीतून जाळ निसटतो आणि गाडी रस्त्यात बसते. हे सगळं मला मिस्त्रींनी शिकवलं, तेही मी विचारलेलं नसताना.

लढाईची ती वर्षं होती. मी गुरांचा डॉक्टर म्हणून साताऱ्याकडून वाशीमला नवाच आलो होतो. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं आणि स्वभाव असा की जेवताना सुद्धा एक पाय दाराकडे. खेड्यापाड्यांत फिरायला मी जिनिंगच्या म्हाताऱ्या मॅनेजरकडून एक इंग्रजी बनावटीची मोटारसायकल घेतली. ती दहा-बारा वर्षं सरकीच्या पोत्यांखाली पडून होती आणि तिच्या सायलेन्सरमध्ये उंदराचं बिऱ्हाड होतं. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. मंगरूळच्या रस्त्याला, मळ्यात, दौलतमिस्त्री.

मिस्त्री जातीनं माळी. वांगी, मिरची, मेथी हा घरचा धंदा. तरुणपणी जिनात इंजिनावर कामाला होते, तिथं त्यांचा हात बसला. पुढं मळ्यातल्या आंब्याखाली त्यांनी एक छप्पर टाकलं, आणि मग एका अंगाला वाफे आणि दुसऱ्या अंगाला उघडी पडलेली इंजिनं असा संसार सुरू झाला. पाटाला पाणी लावून यायचे, हात पुसायचे आणि पान्याला हात घालायचे. माझी गाडी त्यांनी तीन आठवड्यांत उभी केली. सुटे भाग मुंबईहून यायचे बंद झाले होते. जे मिळालं नाही ते त्यांनी घडवलं.

गॅस्केट निवडायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी गाडी सोडून माझीच तपासणी सुरू केली. कुठं कुठं जाता? मागं वझं किती? चढ लागला तर उतरता का तसंच दामटता? मी भराभर उत्तरं दिली. ती देता देता दोनदा घड्याळ पाहिलं. मिस्त्रींनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या चकत्यांतली सगळ्यात जाड काढली.

"पातळ बसवली तर गाडी जोरात पळते म्हणतात," मी म्हणालो. हे मी कुठंतरी वाचलं होतं.

"पयते ना. पन तापते बी तितलीच. अन् आजकालच्या पेट्रोलात अर्धं घासलेट." त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला. "घाईच्या मानसाले मी पातळ देत नाई, डाक्टर. तो गाडीले बी पयवते अन् सोताले बी."

मला राग आला. फौजदाराला त्यांनी पातळ दिली होती, हे मला ठाऊक होतं. तसं बोलूनही दाखवलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "फौजदाराले कुठी जाची घाई नसते. लोकच त्याच्याकडं येतात." जाड चकतीची गाडी घेऊन मी निघालो आणि चढावर बैलगाड्यांनी मला गाठलं की मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडत राहिलो.

पुढं त्यांच्याकडे जाणं-येणं वाढलं. कधी गाडीसाठी, कधी नुसताच. त्यांच्या बाईंना, गंगाबाईंना, माझ्या बारीक अंगाची काळजी वाटायची आणि त्या वांग्याची भाजी-भाकरी पुढ्यात ठेवल्याशिवाय सोडत नसत. मिस्त्री भट्टीपाशी बसून बोलायचे. एकदा चकती जास्वंदीसारखी लाल करून त्यांनी पाण्यात बुडवली आणि म्हणाले, "लोखंड तापवून पान्यात टाकलं की कडक होते. तांबं तापवून टाकलं की नरम. जाळ बी तोच, पानी बी तेच. म्हनून मी पोरायले रागवाच्या अगोदर पाह्यतो, कोन लोखंडाचं हाय अन् कोन तांब्याचं." त्यांना चार मुलं होती, थोरला रामा. त्यांतलं लोखंडाचं एकही निघालं नव्हतं, अशी त्यांची समजूत होती.

रामनवमीला दहा-बारा दिवस असताना इंझोरीच्या अंगाला बुळकांडी आल्याची खबर आली. हा गुरांचा असा रोग, की गोठ्यात शिरला तर गोठा रिकामा करून जातो. त्यात पोहरादेवीची यात्रा तोंडावर. गावोगावच्या गाड्या जुंपल्या जाणार, सगळे बैल एका ठिकाणी बांधले जाणार, एका पाण्यावर पिणार. त्याआधी इंझोरीच्या बैलांना टोचलं नाही, तर यात्रेतून रोग सगळ्या मुलखात जाणार होता. लस सकाळच्या गाडीनं बर्फात आली. थर्मासात भरली तर संध्याकाळपर्यंत टिकणार. दुसरी यायला आठवडा लागला असता.

आणि आदल्याच दिवशी माझं गॅस्केट जळलं होतं, गाडी मिस्त्रींच्या मळ्यात पडून होती.

मी मळ्यात पोचलो तेव्हा मिस्त्री डोकं उतरवून बसले होते. खिळ्यावर चकती नव्हती. तांब्याचा पत्रा महिनोन् महिने बाजारात दिसत नव्हता. मिस्त्री उठले, घरात गेले आणि तांब्याचं एक मोठं पातेलं घेऊन आले. गंगाबाई भाजी घेऊन बाजारात गेल्या होत्या. मिस्त्रींनी कात्रीनं पातेल्याचं बूड कापलं. आतून कल्हई होती. ती त्यांनी विटकरीच्या भुकटीनं घासायला घेतली, आणि मी त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो. "झालं का? मिस्त्री, झालं का? बर्फ वितळतोय." पाच मिनिटांत मी हे किती वेळा म्हणालो असेन कोण जाणे. त्यांनी चकती कापली, भोकं पाडली, तापवली, पाण्यात बुडवली आणि धुण्याच्या दगडाकडे वळले.

"आता ते राहू द्या," मी म्हणालो.

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, हातातल्या चकतीकडे पाहिलं आणि तशीच नेऊन बसवली. एवढ्या दिवसांत त्यांनी न ऐकता बसवलेली ती एकच चकती मी पाहिली.

आठ मैलांवर गाडीनं फुस्स केलं. चढ पण नव्हता. गाडीला लाथा मारून माझी नडगी सोलून निघाली. मग मैलाच्या दगडाशेजारी बाभळीच्या विरळ सावलीत थर्मास मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. रस्त्यानं एक गाडी गेली, तीही उलट्या दिशेनं. इंझोरीचे लोक बैल घेऊन चावडीपुढं सकाळपासून उभे असतील, हे डोळ्यांसमोर येत होतं.

दोनेक तासांनी वाशीमकडून एक सायकल येताना दिसली. घामानं निथळत दौलतमिस्त्री उतरले. पाठीला हत्यारांची पिशवी होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं गाडी बसली म्हणून?"

"कोनं सांगाले पायजे? बसनारच होती." त्यांनी धापा टाकत धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "रामाची माय बाजारातून आली अन् बिनबुडाचं पातेलं पाह्यलं. मले वाटलं आता ओरडते. तर म्हनते, कल्हईचं भांडं कायले कापलं? पान्याच्या हंड्याले कल्हई नसते, एवढं बी तुमाले समजत नाई का? मंग तिनं भरला हंडा मोरीत ओतला अन् माह्यापुढं पालथा ठेवला."

त्यांनी डोकं उतरवलं. जुनी चकती काढून मैलाच्या दगडावर टाकली. ती टण्ण वाजली. घासायची राहिलेली कल्हई भट्टीत तांब्यात मुरली होती आणि तेवढा तुकडा कडक झाला होता. जाळ तिथूनच निसटून काळी रेघ उमटली होती.

"चूक माही हाय," मिस्त्री म्हणाले. "मी ऐकाले पायजे होतं."

त्यांनी माझ्या वाटणीचीही चूक स्वतःकडं घेतली होती, आणि ती परत मागायचं धैर्य त्या वेळी मला झालं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

हंड्याच्या बुडाची नवी चकती त्यांनी पिशवीतून काढली. घरी ऐकून आणलेली होती, तरी माझ्या हातात दिली. "टाका. तुमीच ऐका." मी टाकली. बद्द. "बेस," ते म्हणाले. मग दोन्ही अंगांना तेलाचं बोट फिरवून चकती बसवली, वर डोकं ठेवलं, आणि बोल्ट आवळायला घेतले. एक या कोपऱ्याचा, मग समोरच्या कोपऱ्याचा, थोडा थोडा, सगळ्यांना सारखं. इंजिन चालू केलं. आवाज कसा स्वच्छ, ठोक्याला ठोका. मी थर्मास उचलला. तेवढ्यात त्यांनी इंजिन बंद केलं.

"गार होऊ द्या."

"मिस्त्री, बर्फ–"

"तापलं की तांबं बसते अन् बोल्ट ढिले पडतात. गार झालं की अजून एकडाव आवळा लागते. नाईतर अजून आठ मैलावर तुमी बसान, अन् माह्यात आता सायकल चालवाचा दम नाई."

अर्धा तास आम्ही बाभळीखाली बसलो. त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, ठेचा काढला, अर्धी मला दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी घाई असताना बसून जेवलो. मग त्यांनी हात लावून इंजिन पाहिलं, बोल्ट परत आवळले आणि मला सोडलं. इंझोरीला पोचलो तेव्हा थर्मासात बोटभर बर्फ उरला होता. दिवस मावळायच्या आत गावचे सगळे बैल टोचून झाले. यात्रा झाली, गाड्या गेल्या नि आल्या, रोग पांगला नाही. पुढं इंझोरीला गेलो तेव्हा गावच्या लोकांनी मला नारळ दिला. तो मी परतीच्या वाटेवर गंगाबाईंच्या हातात ठेवला. बिनबुडाचा हंडा तोवर त्यांनी एका लिंबाच्या रोपाभोवती बसवून टाकला होता, शेळ्यांपासून राखण म्हणून.

दौलतमिस्त्री आता नाहीत. त्यांच्या थोरल्या मुलानं, रामानं, कार्ड टाकून कळवलं. सकाळी पाटाला पाणी लावून आले, चहा घेतला आणि आंब्याखाली बसल्या जागी गेले. मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि दवाखाना बंद करून घरी गेलो. पण मला ते आठवतात ते माझी वाशीमहून बदली झाली त्या दिवशीचे.

सामान आगगाडीनं पुढं गेलं होतं. मी मोटारसायकलनं अकोल्याला जाणार होतो आणि दुपारी तिथं हजर व्हायचं होतं. निरोप घ्यायला मळ्यात गेलो, तर मिस्त्रींनी काही न विचारता डोकं उतरवायला घेतलं. खिळ्यावरून त्यांनी एक चकती काढली. हंड्याच्या बुडाच्या चकतीपेक्षा ती खूपच पातळ होती.

"ही माझ्यासाठी?" मी विचारलं.

"लिंबाले एवढा उंच हंडा कायले? वरचा काठ काढला, ठोकून सपाट केला." एवढंच बोलून त्यांनी ती दगडावर टाकली, ऐकली, बसवली. बोल्ट आवळले. इंजिन सुरू झालं, पूर्वीपेक्षा टणक, जोरकस. त्यांनी थोडा वेळ चालवून ते बंद केलं आणि घड्याळाकडं माझं लक्ष जाईल म्हणून की काय, स्वतःच म्हणाले, "निघा आता, डाक्टर. लांब जाचं हाय तुमाले."

मी बाजेवर बसलो. "गार होऊ द्या," म्हणालो.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, शेजारी येऊन बसले आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "रामाची माय, भाकरी टाक. डाक्टरले घाई नाई."