क्षमाचा लाल दोरा

क्षमा हट्टी होती, असं परवा तिच्या जलदानाला सगळे हळू आवाजात बोलत होते. मी मोठ्याने बोलतो. होती. मी भीमराज, तिचा मोठा भाऊ, चौथी पास, घाटकोपरला शिलाईचं दुकान. काविळीने नेली तिला, अठ्ठावीस वय.

ती शाळेत होती तेव्हा एका गिऱ्हाइकाने मापाला म्हणून लग्नातली पँट दिली. मी तीच कापली. काय शिव्या खाल्ल्या! क्षमा बोलली, "दादा, ज्याच्यावर कात्री चालवायची त्यालाच लाल दोरा बांध. दोरा नाही, तर नुसतं बघून नवीन शिवायचं." परत चूक झाली नाही.

शहाऐंशीला ती अंधेरीत एका कंपनीत कम्प्युटरवर लागली. तिथे प्रोग्राममधल्या प्रत्येक कामाला नाव देतात. काही कामं मूळ यादीच बदलून टाकतात, काही मूळ तशीच ठेवून नवीन काढून देतात. नावावरून काय कळत नव्हतं. हिने मूळ बदलणाऱ्या प्रत्येक नावामागे उद्गारचिन्ह लावलं.

"लाल दोराच रे," मला बोलली.

वरचे जयवंत साहेब भडकले. "नावांमागच्या ह्या काठ्या काढ. शनिवारपर्यंत. नाहीतर घरी बस."

"तुम्ही काढा साहेब. माझ्या हाताने नाय निघणार."

आई रडली. "अगं, एका काठीसाठी नोकरी घालवतेस?"

"आई, पँट कापली जाईल कोणाची तरी."

साहेबांनी स्वतः चिन्हं काढून टाकली, हिला नुसतं टायपिंगला बसवलं. महिन्याभरात नवीन आलेल्या मीराने एका कारखान्याच्या कामगारांची यादी नावाप्रमाणे लावायला घेतली. तिला वाटलं वेगळी यादी निघेल. मूळच फिरली. कोण आधी कामाला लागला, कोण नंतर, सगळं गेलं. आणि त्याच क्रमाने माणसं कायम होणार होती!

साहेब मीरावर ओरडायला लागले तशी क्षमा उठली. "तिला काय बोलता? कामाचं नुसतं नाव बघून तिला कळणार कसं?"

"ते राहू दे. यादी नीट करून दे."

"आधी चिन्हं लावा. तुमच्या हाताने."

साहेबांनी लावली. मग दोघींनी कारखान्याचे जुने कागद बघून चार दिवस यादी परत भरली.

परवा साहेब आले होते. बोलले, "हट्टी होती, पण..."

"पण नको साहेब. चिन्हं आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग बसा. चहा घ्या."