अनुस्वारमावशींच्या कानाचं मशीन

छापखान्यात तीस-पस्तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना सगळे अनुस्वारमावशी म्हणत. शब्दाच्या डोक्यावरचं टिंब राहिलं की त्यांची पेन्सिल तिथे पोचलीच म्हणून समजा. निवृत्त झाल्यावरही औषधाच्या खोक्यातली पत्रकं, तिकिटामागचे नियम, हाती लागेल ते त्या वाचून काढत. डोळे शाबूत होते. कान मात्र हळूहळू दगा देत चालले होते.

म्हणून त्यांनी बाजारातल्या एका दुकानातून कानाचं मशीन घेतलं, क्रेडिट कार्डावर. पहिल्या दिवशी पंख्याची घरघरसुद्धा ऐकू आली. पण तासाभराच्या आत मशीन मुकं झालं. काढून टेबलावर ठेवलं, थोड्या वेळाने पुन्हा घातलं, तर ठणठणीत.

दुसरी कोणी वैतागली असती. मावशींना कुतूहल वाटलं. मशीन कधी बंद पडतं ते त्यांनी वहीत लिहायला घेतलं. खोलीत बसल्यावर चाळीस मिनिटं. उन्हात बसल्यावर वीस. टेबलावर ठेवून मधूनमधून कानाशी धरलं, तर दिवसभर चालूच. आठ दिवसांत छडा लागला. अंगाची ऊब लागली की मशीन बंद पडत होतं.

वही घेऊन त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने ती उघडलीही नाही. या वयात सवय व्हायला वेळ लागतो, म्हणाला. बदलून मागितलं तर त्याने कंपनीकडे बोट दाखवलं, आणि कंपनीत फोन उचलणारा काय बोलतो ते मावशींना ऐकूच येईना.

“आता कानाला खडा लाव आणि सोडून दे,” नवरा मोठ्याने म्हणाला.

“मशीनच नीट लागेना, खडा कुठे लावू?”

त्या दुपारी मावशींनी कार्डासोबत आलेली पुस्तिका शोधून काढली. मुंगीएवढ्या अक्षरांतली ती चोपडी बँकेतही कुणी वाचली नसेल. भिंग घेऊन त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, वाटेत सात चुका दुरुस्त केल्या आणि एका कलमापाशी थांबल्या. कार्डावर घेतलेली वस्तू सदोष निघाली आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर ठरावीक मुदतीत बँकेकडे तक्रार करता येते, असं तिथे लिहिलं होतं. दुकानातल्या व्यवहारात बँक कशी काय मध्ये पडते, हे आता त्यांना जाणून घ्यायचंच होतं.

बँकेच्या खिडकीवरची मुलगी समंजस होती. मावशींना ऐकू येत नाही म्हटल्यावर तिने उत्तरं कागदावर लिहून दिली. पैसे दुकानदाराकडे ज्या वाटेने जातात, तक्रार खरी ठरली तर त्याच वाटेने परत आणता येतात. मात्र पावती हवी, दुकानदाराचा नकार लेखी हवा, आणि दोष नेमका काय ते सांगता यायला हवं.

मावशी पुन्हा दुकानात. नकार लिहून द्या म्हटल्यावर दुकानदार खूशच झाला. ब्याद टळली असं त्याला वाटलं असावं. त्याने झटक्यात लिहिलं, ‘मशीन परत घेतले जाणार नाहि’. मावशींना राहवलं नाही. पेन मागून त्यांनी ‘हि’ची ‘ही’ केली, आणि खाडाखोड दिसते म्हणून शेजारी त्याची सही घेतली.

बँकेने विचारल्यावर मात्र दुकानदाराने पवित्रा बदलला. बाईंनी मशीन पाण्यात पाडलं, असं कळवलं. तेव्हा मावशी एका कानाच्या दवाखान्यातल्या तंत्रज्ञाकडे गेल्या. त्याने मशीन उघडलं, आणि त्या इतक्या वाकून पाहू लागल्या की त्याने भिंगच त्यांच्यापुढे सरकवलं. आत तारेच्या सांध्याला केसाएवढी चीर होती. ऊब लागली की ती उघडायची. पाण्याचा मागमूसही नव्हता. तंत्रज्ञाने तसं लेखी दिलं. मावशींनी त्यात शुद्धलेखनाची चूक शोधली, एकही नव्हती.

पाच आठवड्यांनी बँकेचा निकाल आला, मावशींच्या बाजूने. पैसे कार्डावर परत जमा झाले आणि दवाखान्यातूनच त्यांनी नवं मशीन घेतलं. पुढे एकदा दुकानदार रस्त्यात भेटला. रागावलेला नव्हता, चकित होता.

“हे सगळं तुम्हाला सांगितलं तरी कुणी?”

“छापलेलं होतं,” मावशी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात नवरा भाजी चिरत असताना त्यांना एक बारीक सूर ऐकू आला.

“तुम्ही गुणगुणता? कधीपासून?”

नवऱ्याला ते स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मावशी ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि चाल कुठली असावी ते ओळखायचा प्रयत्न करत ऐकत राहिल्या.